हौसाक्कांची मोपेड का बंद पडली

“दहा वर्सं झाली गावातली बाटली आडवी करून, आन तू हितं सकाळी सकाळी उभी धरून बघतुयास व्हय रं?”

हा आवाज कानावर पडला तेव्हा माझ्या हातात दारूची रिकामी क्वार्टर होती. म्हणजे दारूची रिकामी. आत दुसरंच काही होतं. मी ती उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून बघत होतो, आणि गॅरेजच्या दारात माझी होणारी सासू उभी होती. निदान रविवारपर्यंत तरी होणारी.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. मोरदऱ्याच्या फाट्यावर माझं गॅरेज नुकतंच कुठे बस्तान धरत होतं. हौसाक्का मोहिते म्हणजे मोरदऱ्याच्या दारूबंदीच्या कर्त्याधर्त्या. गावातल्या बायकांचं मतदान झालं होतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आक्कांनी घरोघर फिरून ती बाटली अशी आडवी केली की परत उठली नाही. त्यांचे यजमान दारूपायीच गेले होते, त्यामुळे या विषयात त्यांच्याशी थट्टा करायची हिंमत आमदारालाही नव्हती.

आणि त्यांची धाकटी मुलगी सारिका मला मनापासून पसंत होती. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, पोहे खाऊन झाले होते. मुलीची ना नाही, असं माझा तुकामामा शपथेवर सांगत होता. हा मामा मोरदऱ्याचाच, सोयरीक त्यानेच आणलेली. आक्कांचा निरोप होता, “रविवारी या. जमलं तर सुपारी फोडू.” त्या ‘जमलं तर’वर मी आठवडाभर झोपलो नव्हतो.

आज गुरुवार होता.

“आक्का, ह्यात दारू न्हाई,” म्हणत मी बाटली पाठीमागे नेली. लपवायची काहीच गरज नव्हती, पण क्वार्टर हातात असली की माणूस आपोआप चोरासारखा वागतो.

“मग काय हाय?”

“पेट्रोल.”

“आन खाली त्ये पांढरं?”

“पाणी.”

“म्हंजी पाणी घालून घ्यायची सवय हाय.”

मी घाईघाईने बाटली पुढे धरली. अशा बाटल्या माझ्याकडे डझनभर होत्या. रस्त्याकडेला गोळा करायच्या, धुवायच्या आणि मोपेडच्या पेट्रोलात घालायचं ऑइल त्यात मोजून ठेवायचं. तालुक्यातलं कुठलंही गॅरेज त्याशिवाय चालत नसे. पण त्या सकाळी मी ऑइल मोजत नव्हतो, शोध लावत होतो. पंधरा दिवसांत सहा गाड्या बंद पडून आल्या होत्या. सगळ्यांचं दुखणं एकच, कार्बोरेटरमध्ये काळपट चिखल. आणि सातवी गाडी, आपली जुनी मोपेड, आक्का स्वतः ढकलत घेऊन आल्या होत्या.

“आक्का, बघा. ह्या रेघंपतूर मी पाणी घातलं हुतं. वर पेट्रोल वतलं आन हलवलं. आता पाणी रेघंच्या वर चढलंय. म्हंजी पेट्रोलातलं काहीतरी पाण्यात उतरलं.”

“काय उतरलं?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी आयटीआय झालेला माणूस, समोर होणारी सासू, आणि आपल्याला किती कळतं ते दाखवायची अशी संधी परत कधी येणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“अल्कोहोल,” मी म्हणालो. “इथेनॉल म्हणत्यात. पंपावर पाटी लावलीय की. कारखान्यात मळीपास्नं काढत्यात आन पेट्रोलात मिसळत्यात.”

“म्हंजी दारू.”

“दारू न्हाई आक्का, म्हंजी... तशीच, पर प्यायची न्हवं. इंजनाला लई चांगली असती. टाकीत तीस-तीस वर्सांचं किटण बसलेलं असतं, ते सगळं सोडवून काढती. आतनं इंजन साफ करती.”

आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

“आमचं मालक बी असंच म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “थोडी घेतली की पोट साफ हुतं.”

मोपेड तिथेच सोडून त्या चालत गावाकडे निघाल्या. जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला तुकामामा आला. स्वतःची नवीकोरी मोटारसायकल ढकलत. त्याच्या गाडीला धुळीचा कण लागलेला चालायचा नाही, सर्व्हिसिंगलासुद्धा माझ्याकडे न येता तालुक्याच्या शोरूमला जायचा आणि वर मलाच सांगायचा, “सया, तुझ्यावर भरवसा हाय, पर गाडी नवी हाय.”

“बंद पडली?” मी विचारलं.

“गाडीला काय धाड भरलीया! गावाच्या येशीत तीस बायका उभ्या हायत. हरेक गाडीच्या टाकीचं झाकण काढून वास घेत्यात. घेत्यात आन म्हणत्यात, ‘पिलीया. घरी न्या.’”

“पिलीया?”

“गाडी पिलीया! गावात पेलेली गाडी फिरवायची न्हाई. दारूबंदीचा ठराव हाय ना, त्यात माणूस का गाडी असं काय लिवलेलं न्हाई म्हणत्यात. दूधवाला किटल्या सायकलला बांधून गेला. सरपंच बी ढकलतच डेअरीपतूर गेला.” मामाने कपाळावरचा घाम निपटला आणि माझ्याकडे बघून हात जोडले. “हे कुणी सांगितलं रं त्यास्नी?”

मला सांगायची गरजच नव्हती. मोपेड तिथेच उभी होती.

मामाने पुढची बातमी सांगितली. शनिवारी सकाळी चावडीवर बैठक. गावातल्या सगळ्या गड्यांचं म्हणणं एकच, ज्याने आग लावली त्याने विझवावी. मी सगळ्यांसमोर सांगायचं की पेट्रोलात तसलं काही नसतं.

“पर असतं की, मामा.”

“आरं, लगीन करायचंय का प्रयोगशाळा काढायचीय? हजार खोटं बोलावं पर एक लगीन जुळवावं, म्हातारी माणसं उगं म्हणत न्हवती. आन तुला बोलायचं बी काम न्हाई. आक्कांनी गावभर सांगितलाय त्यो बाटलीचा खेळ नुसता कर. पाणी रेघंवर चढलं न्हाई म्हंजी झालं.”

“चढणार. पेट्रोल हाय त्ये.”

“पेट्रोल कशाला घेतुयास?” मामा हळूच म्हणाला आणि पिशवीतून बाटली काढली. “रॉकेल. रेशनचं. ह्यात कुठली आलीया दारू?”

“मामा, रेशनचं रॉकेल निळं असतं.”

“म्हणून तर चिमटीभर हळद टाकली.”

मी बाटली बघितली. निळ्यात हळद पडून आत जो रंग झाला होता तो पेट्रोलचा तर नव्हताच, कुठल्याच ओळखीच्या वस्तूचा नव्हता. पण मनात रविवार घर करून बसला होता. सारिका बघण्याच्या दिवशी पोह्याची बशी माझ्या हातात देताना म्हणाली होती, “लिंबू पिळा मेस्त्री, हात काळे हायत पर चालतंय.” एवढंच बोलली होती. त्या एवढ्यावर मी बाटली ठेवून घेतली.

शनिवारी चावडीवर माणूस मावत नव्हतं. एका बाजूला तीस बायका खाली बसलेल्या, दुसऱ्या बाजूला गडी उभे, आणि मध्ये टेबलावर मी माझी रेघ मारलेली बाटली मांडलेली. पारावर सहा-सात मोटारसायकली ओळीने लावल्या होत्या, आरोपी म्हणून.

मी रेघेपर्यंत पाणी घातलं. वर मामाचं रॉकेल ओतलं. बूच लावून हलवलं आणि टेबलावर ठेवलं. पाणी खाली बसलं. रेघेवर होतं तिथेच होतं.

“बघा! बघा!” मामा सगळ्यांत आधी ओरडला. “न्हाई चढलं! कुठाय दारू?”

गड्यांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचाने तर मोटारसायकलची किल्ली खिशातून बाहेर काढली.

आक्का उठल्या. टेबलापाशी आल्या, बूच काढलं, बाटली नाकाशी नेली. चेहऱ्यावर काहीही दिसलं नाही. मग त्यांनी बाटली शेजारच्या बाईच्या हातात दिली. तिने वास घेतला आणि पुढे दिली. तिने पुढे. बाटली या नाकाकडून त्या नाकाकडे सरकत होती, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या बायकांनी वीस-वीस वर्षं रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन काढली होती. स्टोव्हला पिन मारून मारून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. जगात एक वास असा होता की झोपेतून उठवून नाकाला लावला तरी त्या ओळखतील, आणि नेमका तोच मी त्यांच्यापुढे पेट्रोल म्हणून ठेवला होता.

सगळ्यात शेवटी येसूआजी बसली होती. नव्वदीची. तिने वास घेतला, परत घेतला, मग बाटली कानाशी हलवून बघितली.

“रॉकेल हाय,” आजी म्हणाली. “आन हळद पडलीया. कुणाच्या चुलीवरची ग ही फोडणी?”

चावडी अशी हसली की पारावरचे कावळे उडाले. मामा आपल्या चपलेचा अंगठा तुटल्यासारखा खाली वाकला आणि वाकूनच राहिला. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. समोर बायकांच्या मागे दाराला टेकून सारिका उभी असलेली तेव्हाच दिसली. ती हसत नव्हती.

आक्काही हसत नव्हत्या.

“सया,” त्या म्हणाल्या, “माझा मालक पीत हुता ते मला लग्नानंतर वर्साभरानं कळलं. पर खोटं बोलतुय ते पयल्या आठवड्यात कळलं हुतं. मी म्हणलं, असूं दे, गडीमाणूस हाय. तितंच माझं चुकलं बघ.”

मी बाहेर गेलो. सरपंचाच्या गाडीची नळी काढून दुसऱ्या बाटलीत पेट्रोल घेतलं, परत आत आलो आणि तोच प्रयोग पहिल्यापासून केला. पाणी रेघेच्या वर चढलं. चांगलं बोटभर चढलं. बाटली मी आक्कांच्या हातात दिली.

“हाय,” मी म्हणालो. “पेट्रोलात अल्कोहोल हाय. इंजनात जळतं, त्येनं काय बिघडत न्हाई. आतली काजळी कमी धरती, टाकीतलं किटण सुटतं. पर जुन्या गाडीच्या रबरी नळ्या खाऊन टाकतं, त्या बदलाव्या लागत्यात. पाणी वढून घेतं, म्हणून गाडी म्हयनं-म्हयनं टाकी भरून उभी ठेवायची न्हाई. आन जुनं किटण सुटलं की ते खाली कार्बोरेटरात येतं, गाडी बंद पडती. ह्या सहाबी गाड्या तशाच बंद पडल्या. तुमची मोपेडबी. त्यात गाडीचा दोष न्हाई आन माझाबी न्हाई. पेट्रोलनं घाण वर काढली, बास.”

शेवटचं वाक्य मी जरा ताठ मानेने बोललो. नळीतून पेट्रोल काढून आणल्यावर माझा धीर परत आला होता.

आक्का बाटलीकडे बघत होत्या.

“ही दारू काढतंय कोण?”

“कारखाना,” सरपंच म्हणाला.

“कशापास्नं?”

“मळीपास्नं.”

“मळी कशाची?”

“उसाची की.”

“आन ऊस कुणाचा?”

मोरदऱ्यात उसाचं कांडं नसलेलं घर नव्हतं. खुद्द आक्कांचा वीस गुंठे ऊस त्याच कारखान्याला जात होता. तीस बायकांनी एकमेकींकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं.

“म्हंजी आपणच लावायची, आपणच तोडायची, आन येशीत हुभं राहून आपणच वास घ्यायचा,” आक्का म्हणाल्या. मग एकदम हसल्या, आणि आक्का हसल्यावर सगळ्यांना हसायची परवानगी मिळाली. “सोडा त्या गाड्या. गाडीनं प्यावं, गड्यानं पिऊ ने. ठरावात तसं लिवून घ्या.”

गडी अशा घाईने बाहेर पडले की पारावर गाड्यांना गाड्या धडकल्या. मी बाटल्या गोळा करत होतो तेव्हा आक्का जवळ आल्या.

“उद्या मोपेड नीट करून आण. सुपारीचं मोपेडसंगं बघू.”

दुपारी मी मोपेड उघडली. मामा बाकड्यावर बसून शेंगा खात होता आणि आपण कसं प्रकरण निभावून नेलं ते मलाच सांगत होता. कार्बोरेटर काढला. वाटीत काळा-तांबूस चिखल, अपेक्षेप्रमाणे. मग मी टाकीकडून येणारी नळी धरून वर वर गेलो आणि फिल्टरपाशी थांबलो.

पेट्रोलचा फिल्टर म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, आत घडी घातलेला कागद. टाकीतून जी घाण येईल ती या कागदावर अडायची, पुढे जायची नाही. त्याचं सगळं काम एवढंच. या फिल्टरचा कागद एका बाजूने फाटला होता. फाटक्या जागेतून चिखल सरळ पुढे गेला होता.

फिल्टर मी ओळखला. दिवाळीच्या आधी आक्कांच्या मोपेडचं सर्व्हिसिंग मीच केलं होतं. ‘नवा फिल्टर टाकलाय’ म्हणून पैसे घेतले होते, आणि जुनाच पेट्रोलने धुऊन, हवा मारून परत बसवला होता. मी सगळ्यांचेच धुवायचो. धुतला की नव्यासारखा होतो, असं स्वतःला सांगायचो. ज्याच्या हाताखाली शिकलो तो मेस्त्री तेच करायचा, आणि त्याचा मेस्त्रीही.

मग मी त्या सहा गाड्यांचे काढून ठेवलेले फिल्टर कोपऱ्यातल्या डब्यातून बाहेर काढले. गाडी चालू करून द्यायच्या घाईत मी ते काढून टाकले होते आणि बघितलेच नव्हते. उजेडात एकेक धरला. फाटलेला. फाटलेला. फाटलेला.

“मामा,” मी विचारलं, “तुझी गाडी कवा बंद पडली?”

“एकदाबी न्हाई. का?”

“पेट्रोल कुठलं घालतुस?”

“समद्यांचं त्येच. फाट्यावरच्या पंपाचं.”

“आन फिल्टर?”

“शोरूमवाल्यानं नवा टाकला की दिवाळीला. का रं?”

मी मोपेडचा सिलिंडर उघडला. पिस्टनच्या अंगावर बारीक, उभे ओरखडे पडले होते. ज्या गाडीत घाण अडवली गेली होती तिला त्याच पेट्रोलने काही झालं नव्हतं. घाण पेट्रोलने सोडवली होती हे खरं, पण तिला इंजिनापर्यंत वाट मी काढून दिली होती. आणि सकाळी भर चावडीत मी ताठ मानेने सांगितलं होतं, माझा दोष नाही.

मामाला सगळं सांगितलं. त्याने शेंगांची टरफलं झटकली.

“कुणाला कळणार हाय? नवा टाक, गप बस. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मी नवा फिल्टर टाकला. नवी रबरी नळी टाकली. मोपेड एका पायडलमध्ये सुरू झाली आणि असा काही गोड आवाज काढायला लागली की त्या आवाजाचा मला राग आला.

रविवारी आक्कांच्या अंगणात सतरंजी घातली होती. ताटात नारळ, हळद-कुंकू, सुपाऱ्या. भावकीतली चार म्हातारी माणसं टोप्या घालून बसली होती. मी मोपेड चालवत आत आणली आणि बंद केली. आक्कांनी स्वतः एकदा सुरू करून बघितली.

“झाक चालतीया. काय झालं हुतं?”

“किटण,” मामा म्हणाला. “काल सांगितलंच की—”

“आक्का,” मी म्हणालो, “काल मी अर्धंच खरं बोललो.”

मामाने मागून माझा शर्ट असा ओढला की वरचं बटण तुटून ताटात पडलं. पण आता थांबलो असतो तर जन्मात परत बोललो नसतो.

“दिवाळीला मी तुमच्या गाडीला नवा फिल्टर टाकला म्हणून सांगितलं. टाकला न्हवता. जुनाच धुऊन बसवला, आन पैसे नव्याचे घेतले. धुताना त्येचा कागद फाटला. पेट्रोलनं किटण सोडवलं, ते फिल्टरनं अडवायचं हुतं, ते पुढं गेलं. पिस्टनला ओरखडे पडलेत. गाडी चालंल, पर जितकी चालायची तितकी चालणार न्हाई. ते पेट्रोलमुळं न्हाई. माझ्यामुळं.”

“आन बाकीच्या सहा?” आक्कांनी विचारलं.

“त्याबी तशाच. गाड्या चालू करून देताना गडबडीत त्यास्नी परत धुतलेलेच घातलेत.”

टोप्यांमधल्या एकाने खोकला काढला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला वाटलं, संपलं. पण खरं सांगतो, छातीवरचा दगड त्याच वेळी खाली आला होता. मी चपला कुठे काढल्यात ते शोधायला लागलो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सारिका बाहेर आली. हिरवी साडी नेसलेली, केसात अबोली. ती सरळ मोपेडपाशी गेली.

“मेस्त्री, आता नवा घातलाय का धुतलेला?”

“नवा.”

“दाखवा.”

मी वाकायला लागलो तर म्हणाली, “तुम्ही नगा. पेचकस द्या.” पदर खोचून ती खाली बसली, क्लिप सैल केली, नळी ओढली आणि फिल्टर बाहेर काढला. फिरवून बघितला. कागदावर फुंकर मारली. दोन थेंब पेट्रोल हिरव्या साडीवर सांडलं, तिकडे लक्षही दिलं नाही.

“आई, नवा हाय.”

आक्का माझ्याकडे बघत होत्या, गुरुवारी बघितलं होतं तेवढाच वेळ.

“बाकीच्यांस्नी कवा घालणार?”

“उद्यापास्नं एकेकाला बोलावून—”

“बोलावून न्हाई. त्येंच्या दारात जायाचं. आन उद्या न्हाई, आज. सुपारी काय पाय फुटून पळून जातीया व्हय? सारिके, तू जा संगं. घालतुय नवा का धुतलेला, बघ. तुकाराम, तुम्ही हत्यारांची पेटी धरा. बहाद्दरकी तुमची कमी न्हाई ह्यात.”

गॅरेजातून पेटी आणि नवे फिल्टर घेऊन असं आमचं त्रिकूट सुपारीच्या दिवशी मोरदऱ्यात हिंडलं. पुढे मी, मध्ये हिरव्या साडीत सारिका, मागे डोक्यावर पेटी घेतलेला मामा. प्रत्येक दारात मी तेच सांगायचो, की तुम्हाला फसवलं, नवा टाकायला आलोय. पहिल्या घरी शिव्या मिळाल्या. दुसऱ्या घरी शिव्या आणि चहा. दूधवाल्याने किटलीचं झाकण माझ्या दिशेने फेकलं, ते मामाला लागलं. सरपंच म्हणाला, “रॉकेल टाकून फिल्टर धुतला हुतास का हळद टाकून?” आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांनी दारात येऊन मला बघून घेतलं. प्रत्येक वेळी सारिका नवा फिल्टर आधी हातात घ्यायची, वरचं पाकीट फोडताना बघायची, आणि मग म्हणायची, “बसवा मेस्त्री.” पाच घरं मी मेस्त्रीच होतो.

सहावं घर येसूआजीच्या नातवाचं. दुपार टळली होती, माझे हात काळे आणि पोट रिकामं. फिल्टर बसवला, नळी जोडली, गाडी सुरू केली, झालं म्हणून पेचकस पुसायला लागलो. आजी ओट्यावरून बघत होती. मामा पेटी डोक्यावर चढवत होता. सारिका मात्र गाडीवर वाकून अजून बघतच होती.

“अहो,” ती म्हणाली.

मी मागे बघितलं, कुणाला हाक मारतेय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मामाच्या डोक्यावरची पेटी धाडकन खाली आली आणि पाने-पकडी अंगणभर पांगल्या.

“अहो, क्लिप ढिली राहिलीया,” ती म्हणाली, आणि या वेळी तिचे कान लाल झाले होते.

मी खाली बसलो आणि क्लिप आवळली. चांगली घट्ट आवळली.